नोंदयंत्र बंद असताना

सोमवारी दुपारी सव्वादोनला मुंगीनं खोक्याच्या माहितीपुस्तिकेचं एकेचाळिसावं पान उघडलं आणि फ्यूजचा क्रमांक लिहून घ्यायचा विसरली.

तिचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे. पाच वर्षांपूर्वी रुजू झाली त्या दिवशी ढकलगाडीची वाट न बघता तिनं शिशाच्या सोळा विटा एकेक करून गोदामातून वर आणल्या होत्या. सर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ही तर मुंगी आहे," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पगारपत्रकावर सही घेणारा कारकूनही खरं नाव विसरून तिला मुंगीताई म्हणायचा.

पुस्तिका तिनं उघडली होती एका फ्यूजसाठी. गुरुवारी प्रयोग बघायला पाच जणांची समिती येणार होती. सगळ्या उपकरणांचे सुटे भाग लिहून ठेवा असं त्यांचं पत्र होतं. फ्यूजचा क्रमांक एकेचाळिसाव्या पानावर होता, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी. त्या तिनं आधी कधी वाचल्या नव्हत्या. कुणीच वाचल्या नव्हत्या.

'नियंत्रक यंत्राकडून तीन मिनिटं सूचना न आल्यास, स्फटिकाच्या जपणुकीसाठी दाब आपोआप ऐंशी टक्क्यांवर येतो. हिरवा दिवा चालूच राहतो.'

तिनं ते पुन्हा वाचलं. मग फ्यूजच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर एक छोटंसं गणित केलं. उत्तर आलं एकतीस. तिनं तेच गणित पुन्हा पहिल्यापासून केलं; परत एकतीस.

त्या एकतीसमध्ये काय होतं ते कळायला प्रयोग माहीत हवा. खोलीच्या मधोमध एक जडशीळ टेबल होतं, हवेच्या उशांवर तरंगणारं, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरा त्याला लागू नये. त्यावर लेसर होता. तो इतका मंद केलेला की प्रकाशाचा एका वेळी एकच कण निघावा. पुढे अर्धपारदर्शक आरसा. तिथून कणाला दोन वाटा, डावी आणि उजवी. वीतभर अंतरानं जाऊन दोन्ही वाटा दुसऱ्या तशाच आरशापाशी पुन्हा एकत्र येत आणि पलीकडे मोजणीयंत्र कण मोजत असे. कणावर कसलीच खूण केली नाही तर तो दोन्ही वाटांनी गेल्यासारखा वागतो. एक आरसा केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी सरकवत गेलं की मोजणी लाटेसारखी वरखाली होते, नऊशे, मग शंभर, मग परत नऊशे. याला ते पट्टे म्हणत. पण उजव्या वाटेनं जाणाऱ्यावर काही खूण केली, म्हणजे कोण कुठून आलं हे कळण्याची सोय झाली, की पट्टे गायब. आरसा कितीही हलवा, पाचशेच्या आसपासच. खूण करायचं काम उजव्या वाटेवरचा एक स्फटिक करायचा, आणि त्या स्फटिकाला विजेचा दाब द्यायचा तो हा खोका.

इथवर सगळं पाठ्यपुस्तकात आहे. सरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. पट्टे कशानं जातात? खूण झाल्यानं, की ती खूण कुणी वाचल्यानं? पुस्तकं म्हणतात, खूण पुरेशी आहे, वाचणारा असो नसो. सरांना ते पंचवीस वर्षं पटलं नव्हतं. परिषदांमधे ते उभे राहिले की मागच्या रांगेतले लोक एकमेकांना कोपरानं ढोसत. सर ते बघत, आणि तरी बोलत.

आणि मागच्या वर्षी सर आणि मुंगी या दोघांनी तो प्रयोग केला होता. कण कुठल्या वाटेनं आला हे वाचून लिहून ठेवणारं नोंदयंत्र बंद केलं. खूण करणारा स्फटिक तसाच चालू ठेवला. फक्त एकूण कण मोजणारं साधं मोजणीयंत्र चालू. खूण होतेय, पण वाचायला कुणी नाही. पाच मिनिटं थांबून मोजायला सुरुवात केली, आणि पट्टे आले! पुसट होते. साडेसहाशे, साडेतीनशे, साडेसहाशे. शंभरातले एकतीस इतकेच गडद. पण आले. चौऱ्याऐंशी वेळा करून बघितलं, चौऱ्याऐंशी वेळा आले. त्या दिवशी सरांनी पाठ फिरवली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता लेख छापायला गेला होता. समितीनं होकार दिला की नवी प्रयोगशाळा, आठ जणांच्या नेमणुका. आणि ही दोन ओळींची बारीक अक्षरं सांगत होती की नोंदयंत्र बंद झालं की खोका तीन मिनिटांनी डुलक्या घ्यायला लागतो. खोक्याला सूचना देणारं यंत्र म्हणजे तेच नोंदयंत्र होतं. दाब ऐंशी टक्क्यांवर आला तर खूण अर्धवट होणार. खूण अर्धवट झाली तर पट्टे किती यावेत? शंभरात एकतीस.

ती तळघरातल्या वर्कशॉपमध्ये गेली. मिस्त्री पत्र्याला भोकं पाडत होते. साठीला आलेला माणूस. प्रयोगशाळेतला प्रत्येक स्क्रू त्यांच्या हातून गेलेला. आणि त्याची आठवण ते दिवसातून दोनदा तरी करून देत.

"मिस्त्री, दाब मोजायचं काट्याचं मीटर आहे का? जुनं. स्वतःच्या पायावर उभं राहणारं. नोंदयंत्राला जोडावं न लागणारं."

"तुमच्याकडे तो भारीवाला मीटर आहे ना?"

"तो नोंदयंत्रावर लिहितो. नोंदयंत्र बंद असलं की तोही आंधळा."

मिस्त्रींनी ड्रिल थांबवलं. "म्हणजे यंत्र बंद असताना खोका काय करतो ते कुणी बघितलंच नाही?"

"चौऱ्याऐंशी वेळा नाही बघितलं."

मिस्त्री मीटर घेऊन स्वतःच वर आले. पाचशे व्होल्टच्या टोकांना तिला एकटीला हात लावू द्यायची त्यांची तयारी नव्हती. डावा हात खिशात घाल, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जाणार नाही, असं त्यांनी तिला बजावलं, आणि स्वतः रबरी चटईवर उभे राहून मीटरच्या तारा खोक्याला लावल्या. काटा पाचशेवर. मुंगीनं नोंदयंत्र बंद केलं. दोघंही डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या शेवटी काटा एकदम खाली आला, थरथरला आणि चारशेवर थांबला. खोक्यावरचा हिरवा दिवा मजेत जळत होता.

"झोपला की हो," मिस्त्री हळूच म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून, "फार वाईट आहे का?"

"फार."

चार वाजता ती सरांच्या खोलीत गेली. सर भिंतीवर चिकटवलेल्या कागदांसमोर उभे राहून गुरुवारच्या भाषणाची वाक्यं पुटपुटत होते. तिनं पुस्तिका समोर ठेवली, गणित ठेवलं, काटा कुठे थांबला ते सांगितलं. सरांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले. दोन ओळींना इतका वेळ लागत नाही.

"पुस्तिका जुन्या खोक्याची असेल."

"मी मोजलं, सर."

"काट्याच्या मीटरवर! त्याचा काय भरवसा?"

"पाचशेचे चारशे झालेले दाखवायला पुरतं ते. सर, आत्ता अर्ध्या तासात निकाल लागेल. स्फटिकाला वेगळ्या पुरवठ्यावरून दाब देऊ, म्हणजे तो पाचशेवरच राहील. नोंदयंत्र बंद ठेवू. तरी पट्टे आले तर तुम्ही बरोबर. मीच सगळ्यांना पेढे..."

"आणि नाही आले तर?"

तिनं उघडी पुस्तिका त्यांच्याकडे आणखी सरकवली.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"मिस्त्री होते सोबत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायचा. "गुरुवारनंतर बघू."

"सर, गुरुवारी त्यांच्यासमोर..."

"गुरुवारनंतर म्हटलं ना! पंचवीस वर्षं, मुंगी. तीन दिवसच तर मागतोय मी तुझ्याकडे. तू दमली आहेस. उद्या-परवा घरी थांब. टेबलाच्या खोलीची किल्ली देऊन जा."

तिनं किल्ली काढून चष्म्याशेजारी ठेवली.

घरी आईबाबा दोघंच असायचे. बाबा वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात गेलेली. आई शाळेत शिवण शिकवायची, अजूनही चार मुली घरी यायच्या. जेवताना मुंगीनं सगळं सांगितलं. बाबांना प्रयोगाचं फार कौतुक होतं, कारण तो आपल्याला समजला आहे असं त्यांना वाटायचं.

"मी दुकानात शिरलो की काटा सरळ, बाहेर पडलो की वाकडा. मी सांगत नव्हतो का, बघण्यानं फरक पडतो!"

"बाबा, दुकानदार तुम्हाला बघून बदलायचा. कणाला कुणी दिसत नाही. आणि आता तर असं दिसतंय की बघणाऱ्याचा संबंधच नाही. खूण झाली की झालं, मग खोलीत कुणी असो की नसो."

"मग सरांना नीट समजावून सांग."

"सांगितलं. किल्ली काढून घेतली."

आईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "तुझे पहिल्या ठिकाणचे सर सोडून गेले तेव्हा तुला कुणी घ्यायला तयार नव्हतं. हा माणूस तुझ्यासाठी तीनदा कचेरीत भांडला. त्याला पाच जणांसमोर तोंडघशी पाडणार तू?"

"मी नाही पाडत, आई. ते आपणच..."

"तीन दिवसांनी सांगितलं तर आकाश कोसळेल का?"

बाबा बोटानं ताटाची कड पुसत होते. "मी एकदा चार दिवस थांबलो होतो," ते म्हणाले. दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. ही गोष्ट आईलाही माहीत नव्हती. "मित्राचं दुकान होतं. वजनाला खालून भोक पाडलेलं. त्याच्या पोरीचं लग्न होतं त्या आठवड्यात, म्हणून म्हटलं होऊन जाऊ दे. लग्नानंतर गेलो तर तो म्हणाला, तेव्हा चाललं, मग आता का चालत नाही? मला उत्तर देता आलं नाही."

"मग काय केलंत?" आईनं विचारलं.

"काय करणार! त्या दुकानात पुन्हा तपासायला गेलोच नाही. दुसऱ्याला पाठवलं." बाबा हात धुवायला उठले.

मंगळवार तिनं कपाट आवरण्यात काढला. बुधवारी दुपारी मिस्त्रींचा फोन आला.

"सर सकाळपासून टेबलाच्या खोलीत आहेत. आतून कडी. मधे खाली आले होते. ते मीटर हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, परत जागेवर ठेवलं. मी म्हटलं, न्या ना वर. तर म्हणाले, नको. राहू दे."

"नेलं नाही?"

"नाही नेलं. मुंगीताई, मी चाळीस वर्षं माणसं बघतोय. ज्याला शंका नसते तो मीटर हातात घेत नाही. आणि ज्याला धीर असतो तो परत ठेवत नाही."

तिनं थोडा विचार केला. "मिस्त्री, पाचशे व्होल्टचा सुटा पुरवठा आहे का तुमच्याकडे?"

"तो मी मघाशीच पुसून ठेवलाय," मिस्त्री म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाला समिती आली. चार पुरुष आणि एक अध्यक्षबाई. बाई सत्तरीच्या, ठेंगण्या. पायात धावायचे बूट, हातात शाळकरी मुलांची असते तशी वही. मुंगी तिच्या जागेवर उभी होती, कारण टेबलावरची बटणं तिच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. सरांना पर्याय नव्हता. व्हरांड्यातून येताना ते तिच्याजवळ थांबले होते आणि नजर न मिळवता म्हणाले होते, "आज फक्त बटणं दाब." टेबलाखाली कापडी पिशवीत सुटा पुरवठा आणि काट्याचं मीटर होतं. सरांना पिशवी दिसली होती. त्यांनी विचारलं नव्हतं.

काळे पडदे ओढले. यंत्रांचे दिवे तेवढे उरले. सर बोलायला लागले आणि मुंगीला कबूल करावं लागलं की असं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. कुणी बघत नसताना जग कसं असतं, हा प्रश्न लहान मूलही विचारतं आणि मोठं होताना विसरतं, असं काहीतरी ते म्हणाले. समितीतला सगळ्यात तरुण प्राध्यापक तर भान हरपून ऐकत होता.

"आधी नोंदयंत्र चालू," सर म्हणाले. मुंगीनं आरसा सरकवत नेला. पडद्यावर आकडे. पाचशे नऊ, चारशे नव्वद, पाचशे सतरा. सपाट. "आता नोंदयंत्र बंद." तिनं बटण दाबलं. "पाच मिनिटं थांबू. स्थिरावू द्यायचं."

तीन मिनिटं झाली तेव्हा तिनं नकळत खोक्याकडे बघितलं. हिरवा दिवा जळत होता. तिनं मान वर केली तर अध्यक्षबाई तिच्याकडेच बघत होत्या.

पाच मिनिटांनी आरसा सरकवला. सहाशे एकेचाळीस. पाचशे दहा. तीनशे अठ्ठावन्न. पाचशे दोन. सहाशे साठ. तरुण प्राध्यापकाच्या तोंडून "अरे!" निघालं. सरांचा चेहरा पडद्याच्या उजेडात निळा दिसत होता आणि त्यावर आनंद नव्हता.

अध्यक्षबाईंनी वही मिटली. "पाच मिनिटं कशासाठी थांबायचं?"

"सवय आहे. सगळं स्थिरावावं म्हणून."

"आणि नोंदयंत्र बंद केल्यावर टेबलावरचं आणखी काय बदलतं?"

सरांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. फार नाही, दोन श्वास. "काहीच नाही," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मागच्याला ऐकू गेला नसावा.

बाई मुंगीकडे वळल्या. "हात तुमचे आहेत. तुम्ही सांगा. काय बदलतं?"

काहीच नाही म्हणणं फार सोपं होतं. सरांनी आधीच म्हटलं होतं, तिला फक्त मान हलवायची होती. तिला आईचा चेहरा दिसला. कचेरीच्या दाराशी फाइल बगलेत धरून वाद घालणारे सर दिसले. सोमवारपर्यंत पाच वर्षांत एकदाही तिच्यावर आवाज न चढवलेले.

"बदलतं," ती म्हणाली. "स्फटिकाचा दाब बदलतो. तीन मिनिटांनी पाचशेचा चारशे होतो. खोक्यातच तशी सोय आहे. मला सोमवारी कळलं."

कुणीतरी खुर्ची सरकवली. तरुण प्राध्यापक एकदा तिच्याकडे, एकदा सरांकडे बघत होता. अध्यक्षबाईंनी सरांकडे बघितलं नाही. त्यांनी जाणूनबुजून तसं केलं असावं.

"आणि दाब पाचशेवर धरून ठेवला तर?" त्यांनी मुंगीलाच विचारलं.

"ते अजून केलं नाही."

"का?"

मुंगीची नजर टेबलाखालच्या पिशवीकडे गेली. तेवढ्यात सर टेबलाशी आले. वाकले, पिशवी ओढून बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली.

"जोड," ते म्हणाले.

"सर..."

"जोड. मी आकडे वाचतो."

तिनं डावा हात खिशात घातला आणि एका हातानं तारा बदलल्या. वेळ लागला. घामानं बोटं घसरत होती. काटा पाचशेवर आला. तिनं तो पाचही जणांना दाखवला, मग सरांना. सरांनी या वेळी नीट बघितलं. नोंदयंत्र बंदच होतं. खोलीतल्या एकाही माणसाला, एकाही यंत्राला कण कुठल्या वाटेनं येतोय ते कळत नव्हतं. कळण्याची सोय मात्र प्रत्येक कणावर होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मुंगीला वाटत होतं, येऊ देत पट्टे. पुस्तिका, गणित, काटा, सगळं खोटं ठरू दे. मी खुळी ठरले तरी चालेल. तिनं आरसा सरकवायला सुरुवात केली.

"पाचशे बारा," सर वाचू लागले. "चारशे सत्त्याऐंशी."

पुढचं पाऊल.

"पाचशे तीन."

याच ठिकाणी मघाशी तीनशे अठ्ठावन्न आले होते. तिचा हात थांबला. "थांबू नकोस," सर म्हणाले. "चारशे चौऱ्याण्णव. पाचशे एकवीस. चारशे नव्याण्णव."

चाळीस पावलं होती. सरांनी चाळीसही आकडे वाचले, एकही गाळला नाही. तिसाव्यानंतर त्यांचा आवाज घोगरा झाला आणि समितीतल्या एकानं पाण्याचा पेला पुढे केला. सरांनी तो घेतला नाही. शेवटचा आकडा पाचशे सहा होता. तो वाचून झाल्यावर ते म्हणाले, "सपाट आहे," जणू खोलीत कुणाला दिसत नव्हतं. मग त्यांनी स्वतः जाऊन पडदे उघडले. बाहेर भर दुपार होती आणि सगळ्यांना डोळे मिटून घ्यावे लागले.

जाताना अध्यक्षबाई सरांजवळ थांबल्या. "मघाचं तुमचं 'काहीच नाही' मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मी ते ऐकलंय."

"हो," सर म्हणाले.

नवी प्रयोगशाळा मिळाली नाही. आठ नेमणुकाही गेल्या. त्यातल्या दोघांनी आधीच्या नोकऱ्यांचे राजीनामे दिले होते. त्यांच्यापैकी एकजण उपाहारगृहात मुंगीच्या टेबलावरून ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसला. तिनं त्याला दोष दिला नाही. आई दोन दिवस तुटक बोलली आणि तिसऱ्या दिवशी, "त्यांच्या जेवणाखाण्याचं कोण बघत असेल?" असं विचारून गेली, कारण सर एकटे राहायचे. सर प्रयोगशाळेत येत नव्हते. फोन उचलत नव्हते. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी सकाळी ते आपल्या खोलीत बसलेले दिसले. भिंतीवरचे कागद काढलेले होते, चिकटपट्टीचे तुकडे तेवढे उरले होते. त्यांनी तिला आत बोलावलं. लेख मागे घ्यायचं पत्र लिहायचं होतं.

मसुदा त्यांनी तयार ठेवला होता. तिनं वाचला. दोन वाक्यांनंतर ती थांबली. "'चूक माझी होती' असं लिहिलंय."

"मग?"

"लेखावर दोन नावं आहेत. चौऱ्याऐंशी वेळा बटण मी दाबलं. पुस्तिका मी पण वाचली नव्हती. 'आमची' हवं."

"तू सोमवारी सांगितलंस. मी गुरुवारपर्यंत थांबलो. ती चूक तुझी नाही."

"मग दोन वाक्यं लिहू. खोक्याचं आमची, सोमवारचं तुमची."

सर पहिल्यांदा थोडं हसले. हसणं फार टिकलं नाही. "संपादक म्हणेल, हे काय चाललंय," ते म्हणाले, पण त्यांनी तसंच लिहिलं. नोंदयंत्र बंद असताना दाब बदलत होता, ते आम्ही तपासलं नाही. हे निदर्शनास आल्यावरही मी तीन दिवस मान्य केलं नाही. दुसरं वाक्य लिहिताना त्यांचं बोट कितीतरी वेळ कळफलकावर नुसतंच टेकलेलं होतं.

पत्र गेल्यावर सर खुर्चीत मागे टेकले.

"मला वाटायचं, बघणाऱ्यावाचून जगाचं अडतं," ते म्हणाले. "कुणीतरी वाचायला हवं, कुणीतरी जाणायला हवं, तेव्हा कुठे ते एकदाचं ठरतं. फार बरं वाटायचं तसं वाटून. एकट्या माणसाला जास्तच."

त्यांची समजूत घालायची तिची इच्छा नव्हती. खोटं काही तर आता मुळीच बोलायचं नव्हतं.

"सर, आपली गरज नाही हे खरं," ती म्हणाली. "पण खूण होईपर्यंत कण कुठल्याच एका वाटेचा नसतो, तेही खरंच आहे. ते काही गुरुवारी खोटं ठरलं नाही. फक्त खूण करायला माणूस लागत नाही. हवेतला एखादा कण आपटला तरी पुरे."

"म्हणजे धूळ बघते. भिंत बघते."

"बघत नाहीत. त्यांच्यावर उमटतं."

"उमटतं," सर म्हणाले. मग ते खिडकीकडे वळले. "आणि अर्धवट उमटलं तर? तुझ्या त्या चारशे व्होल्टला?"

"शंभरात एकतीस."

"ते झालं एका ठिकाणचं. मधलं काय? शून्यापासून पाचशेपर्यंत. कण एका वाटेचा कधी होतो, एकदम की हळूहळू? याचं गणित आहे, मला माहीत आहे. पण आपल्या टेबलावर, प्रत्येक पायरीला, काटा समोर ठेवून कुणी मोजलंय?"

"नाही मोजलं."

सरांनी खणातून टेबलाच्या खोलीची किल्ली काढली, पण तिला दिली नाही. स्वतःच उठले. त्यांच्या बुटाची नाडी सुटलेली होती. ती बांधायला ते वाकले आणि वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "तुझी वाट बघायची नाही असं मी ठरवलं होतं. तू राजीनामा देशील असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं," मुंगी म्हणाली.

पुढचे सात महिने त्यांनी दहा-दहा व्होल्टच्या पायऱ्यांनी मोजलं. पट्टे एकदम गेले नाहीत. खूण जितकी पक्की होत गेली तितके ते फिके पडत गेले, पायरीपायरीनं, गणितात होतं तसेच. नवीन काही सापडलं नाही. लेख सहा पानांचा झाला, एका लहान नियतकालिकात आला, आणि त्यावर कुणी कुणाला कोपरानं ढोसलं नाही.